वाचकांचे प्रश्न : ‘डी’चं बटण मोडलं, जोडाक्षरं अडली

प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरचं ‘डी’चं बटण निखळलं. वरची कॅप शाबूत आहे, पण खालची पांढरी क्लिप एका कोपऱ्यात मोडली आहे. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत मराठी टाइप करते. तिथे ‘डी’ म्हणजे पाय मोडायची कळ, त्यामुळे प्रत्येक जोडाक्षराला उघड्या रबरावर बोट टेकवावं लागतं. दुकानदार म्हणतात, अख्खा कीबोर्ड बदला. एकच बटण बदलता येणार नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येईल. रबर दाबल्यावर अक्षर उमटतं, म्हणजे खालचा विद्युत भाग ठीक आहे. तरी खात्री करून घ्या : रबर सलग वीस वेळा हलक्या हाताने दाबा. प्रत्येक वेळी एकदाच आणि न चुकता अक्षर आलं, तर बिघाड फक्त प्लॅस्टिकचा आहे. त्यासाठी अख्खा कीबोर्ड बदलायची गरज नाही.

बटणाचे तीन भाग असतात : वरची कॅप, मधली क्लिप आणि दाब परत उचलणारं रबर. क्लिप म्हणजे कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या दोन चौकटी. त्यांना जोडणाऱ्या खुंट्या अगदी बारीक असतात आणि बहुधा त्याच मोडतात. कॅप उलटी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून बघा. एका बाजूला इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या पकडी दिसतील, त्या दाबून बसतात. दुसऱ्या बाजूला खाचा असतात, त्यांत क्लिप सरकते. बटण काढताना नेहमी पकडींच्या बाजूने उचलायचं. खाचांच्या बाजूने उचकटलं की खाचेचा कान तुटतो, आणि मग कॅपही नवी घ्यावी लागते.

सुटं बटण मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, आणि लोक इथेच सर्वांत जास्त फसतात. एकाच मॉडेलमध्ये चिकोनी, डार्फॉन, लाइटऑन, सनरेक्स अशा वेगवेगळ्या कारखान्यांचे कीबोर्ड असू शकतात. अक्षरांची ठेवण सारखी दिसते, पण क्लिप वेगळी असते. म्हणून तीन फोटो पाठवा : कॅपची खालची बाजू, क्लिप, आणि कीबोर्डच्या पत्र्यावरचे, क्लिप अडकवायचे हुकासारखे आकडे. आकडे किती आहेत आणि कोणत्या दिशेला उघडतात, हे तंतोतंत जुळलं पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीकडे जाणं होणार असेल, तर दुरुस्तीच्या दुकानांत त्याच जातीचा बाद कीबोर्ड विचारा. त्यात सगळी सुटी बटणं आयती मिळतात.

तोवर काम अडू नये म्हणून क्वचित लागणाऱ्या एखाद्या अक्षराची क्लिप काढून ‘डी’ला बसवा. अक्षरांच्या क्लिपा सहसा एकाच मापाच्या असतात. वरच्या एफ-रांगेतल्या आणि बाणांच्या बटणांच्या क्लिपा लहान असतात, त्या बसणार नाहीत.

बसवण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता झाकू नका. जागा मऊ ब्रशने झाडा. चिकटपणा असेल तर कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं होईल इतकंच लावून पुसा. क्लिपच्या दोन्ही चौकटी हातातच जोडा. ती उभी राहून सहज आडवी होते ना, बघा. अडत असेल तर एक चौकट उलटी लागली आहे. मग क्लिप एका बाजूने पत्र्याच्या आकड्यांत सरकवा आणि दुसरी बाजू हलकेच दाबा. रबर मधोमध वर आलं पाहिजे. शेवटी कॅप : आधी खाचांची बाजू अडकवायची, मग पकडींची बाजू अंगठ्याने सरळ खाली दाबायची. बारीक ‘टक’ ऐकू येईल. जोर लावावा लागला तर थांबा, काहीतरी वाकडं बसलंय. आकडा दबला असेल तर चिमट्याने केसभरच उचला. पुन्हा पुन्हा वाकवलेला आकडा तुटतो, आणि तो तुटला की मात्र कीबोर्डच बदलावा लागतो.

झटपट चिकटणारा गम इथे कृपा करून वापरू नका. तो फटीतून खालच्या थरांत ओढला जातो आणि हलणारा भाग कायमचा जाम करतो. रबर सुटलं असेल तर टाचणीच्या टोकावर मावेल इतका सिलिकॉन गम फक्त त्याच्या कडेला लावा, पोटात जाऊ देऊ नका, आणि २४ तास हात लावू नका.

प्रश्न : स्वच्छतेसाठी स्पेसबार काढला, परत बसवला. आता मधोमध दाबला तर चालतो, उजव्या टोकाला दाबला तर नुसता खाली दबतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : खालची तार सुटली आहे. स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा लांब बटणांना टोकं दुमडलेली पोलादी तार असते. एका टोकाचा दाब ती दुसऱ्या टोकापर्यंत नेते, म्हणून बटण कलत नाही. स्पेसबार पुन्हा काढा. तार आधी कॅपमधल्या खोबणीत बसवा. मग कॅप तिरपी धरून तारेची दोन्ही दुमडलेली टोकं पत्र्यातल्या छिद्रांत घाला, आणि मगच कॅप आडवी करून क्लिपांवर दाबा. वरून थेट दाबली तर तार बाहेरच राहते. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. तार वाकली असेल तर काचेवर ठेवून बघा. एक टोक अधांतरी राहिलं तर बोटांनीच सरळ करा, पक्कड नको.

प्रश्न : चहा सांडला. दोन दिवसांनी चार बटणं बंद पडली, बाकी चालू. चारही बटणं बदलू का?

उत्तर : नको, पैसे वाया जातील. कॅप-क्लिपखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या-खालच्यावर वाहक रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. एकेका रेघेवर अनेक बटणं असल्यामुळे ती घोळक्याने बंद पडतात. साखरेचा चहा थरांत शिरून रेघा खातो, तिथे बाहेरून काही करता येत नाही. पूर्ण कीबोर्डच बदला. आधी विचारून घ्या की तो स्क्रूने बसवलाय की प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी. खुंट्यांचा असेल तर पुष्कळदा वरचं आवरणही बदलतात, आणि खर्च वाढतो. शिवाय चहा मदरबोर्डपर्यंत गेलाय का, हे उघडून तपासल्याशिवाय लॅपटॉप चार्जिंगला लावू नका.

प्रश्न : २०१७च्या मॅकबुक प्रोचं बटण अडकतंय. काढून साफ करू?

उत्तर : काढू नका. २०१५ ते २०१९ या काळातल्या बऱ्याच मॅकबुकमध्ये कात्रीऐवजी ‘बटरफ्लाय’ रचना होती. ती इतकी पातळ आहे की कॅप उचलताना बिजागरीच मोडते. लॅपटॉप ७५ अंशांत तिरपा धरून दाबाच्या हवेच्या डब्याने बटणांवर डावीकडून उजवीकडे फवारा मारा, मग लॅपटॉप उजवीकडे आणि डावीकडे वळवून तेच पुन्हा करा. कण निघाला तर बटण मोकळं होतं.