वाचक विचारतात: इंदिरा सागरच्या काठावर तंबू, गळ आणि पोहणं

प्रश्न: दिवाळीनंतर आम्ही दोन कुटुंबं, चार मुलांसह, हनुवंतियाला एका रात्रीसाठी जाणार आहोत. पर्यटन केंद्राच्या आवारात न राहता काठावर स्वतःचा तंबू लावला तर? (रामबाग, इंदूर)

उत्तर: मुलं बरोबर आहेत, तेव्हा आवारातच, विचारून मिळालेल्या जागी लावा. हनुवंतियाचं पाणी म्हणजे तळं नव्हे, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचा फुगवटा आहे, आणि त्याचा काठ जागेवर राहत नाही. धरण पूर्ण भरलं की पातळी 262.13 मीटर असते. वीज आणि सिंचनासाठी पाणी काढत ती साधारण 243 मीटरपर्यंत उतरवता येते, म्हणजे सहा मजल्यांचा फरक. पावसाळ्यात पाणी चढतं, दिवाळीनंतर हळूहळू ओसरतं. ओसरलेल्या जागी काळी माती उघडी पडते. तिचा वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला दिसतो, पण खाली चिखल लोण्यासारखा मऊ असतो. तिथे गाडी उतरवली की चाक रुतलंच. पाय टाकण्याआधी काठी दाबून पाहा. वीतभर सहज आत गेली तर मागे फिरा.

तंबूला गवत रुजलेली, मुरमाड जागा बघा. पाण्यापासूनचं अंतर मोजू नका, उंची बघा. उतार 50 ला 1 असा मंद असेल तर पाणी अर्धा मीटर चढताच काठ 25 मीटर आत येतो. निदान दोन मीटर उंचावर राहा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा आणि झोपण्याआधी ती कुठे आहे ते पाहून या.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या काळ्या मातीच्या भेगांत सैल होतात. फूटभर लांबीच्या खुंट्या न्या आणि वरचं टोक तंबूपासून बाहेर कललेलं राहील अशा ठोका. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर तिच्यावर साचलेलं दहिवर ओघळून तुमच्या अंथरुणाखाली येतं. पहाटे कापड आतून ओलं लागतं तेव्हा तंबू गळतोय असं वाटतं, पण तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो. थंडी वाजली तरी वरच्या जाळ्या उघड्या ठेवा. आणि कोळशाची शेगडी तंबूत कधीच नेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांच्या हाताला लागलेली आहे. दोन पिशव्या न्या, शेवेची रिकामी पाकिटं त्यांतून घरी परत आणा.

प्रश्न: गळ टाकताच कणकेचा गोळा सुटून पडतो. काय चुकतं? आणि परवानगी लागते का? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: आधी परवानगी. या जलाशयातली मासेमारी मत्स्य महासंघाच्या अखत्यारीत आहे. हौसेने का होईना, त्यांच्या स्थानिक कार्यालयात विचारल्याशिवाय गळ टाकू नका. 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा मध्य प्रदेशात मासेमारीला बंदी असते.

आता गोळ्याचं. नुसती कणीक पाण्यात विरघळते आणि सैल भिजवली की फेकतानाच निसटते. 250 ग्रॅम शेंगदाण्याची पेंड, 100 ग्रॅम कणीक आणि मूठभर भाजलेल्या फुटाण्याचं पीठ घ्या. पाणी शिंपडत पुरीच्या पिठाहून घट्ट मळा. मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, त्याचे धागे गोळा बांधून ठेवतात. बोराएवढी गोळी पेल्यातल्या पाण्यात टाका. दहा मिनिटं फुटली नाही तर पीठ जमलं.

तळाशी चरणाऱ्या मृगळासाठी शिसं लावून गोळी तळाला बसवा. रोहू मधल्या थरात असतो. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं, म्हणून त्याला बुचाखाली लटकती गोळी द्या. दोरी 0.35 मिलिमीटरची पुरते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा ताण, दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांशावर ठेवा. पूर्ण आवळलात तर मोठा मासा पहिल्याच झेपेत दोरी तोडेल आणि तोंडात अडकलेला गळ घेऊन जाईल. बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांजवळ मासे असतात, पण दोरीही तिथेच अडकते.

सोनेरी, रुपयाएवढ्या खवल्यांचा मासा लागला तर तो महाशीर, नर्मदाकाठचा बाडस. 2011 पासून तो राज्याचा मासा आहे आणि वाहत्या पाण्यावर जगणारा हा मासा धरणांनंतर फार कमी झाला आहे. त्याला सोडाच. हात ओले करून धरा, कोरड्या मातीवर ठेवू नका. पाण्यातच सरळ धरून ठेवा आणि स्वतः शेपटी मारून निघेल तेव्हा हात सोडा.

प्रश्न: मुलगा तरणतलावात रोज वीस फेऱ्या मारतो. इंदिरा सागरमध्ये पोहू द्यावं का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: नाही. तरणतलावाचा तळ सपाट असतो आणि दिसतो. इथल्या पाण्याखाली झाडं आहेत, विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत. 2004 मध्ये रिकामं झालेलं हरसूद शहर याच फुगवट्याखालचं. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट असतं, खालचं गार. त्या गारव्यात शिरताच श्वास अडतो आणि नाकातोंडात पाणी जातं. शिवाय नर्मदेत मगरी आहेत. माईचं वाहन मगर आहे, ते काठच्या लोकांनी पाहूनच ठरवलं असणार.

पाण्यावर जायचं तर अधिकृत बोटीत बसा. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा आणि जॅकेट दोन्ही खांद्यांशी धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा.

15 मीटर दोरी आणि दोन लिटरची बाटली जवळ असू द्या. बाटली एक तृतीयांश पाण्याने भरून दोरीला बांधा. रिकामी बाटली वारा परत आणतो, भरलेली तरंगत नाही. बुडणाऱ्याच्या पलीकडे ती फेका आणि दोरी त्याच्या हाताशी ओढा. त्याच्यामागे स्वतः पाण्यात उडी मारू नका.

प्रश्न: मग धरणाच्या खालच्या अंगाला, उथळ घाटावर स्नान? (याच पत्रातून)

उत्तर: तिथे आणखी सावध राहा. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. एप्रिल 2005 मध्ये या धरणाच्या खाली, नर्मदाकाठच्या धाराजीला अमावास्येच्या जत्रेत माणसं वाहून गेली ती अशाच पाण्याने. साखळी लावलेल्या घाटावरच, साखळीच्या आत, गुडघाभर पाण्यात स्नान करा. भोंगा वाजला, पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा मघाशी कोरडी असलेली पायरी भिजली, तर कपडे-चपला तिथेच टाकून मुलांना घेऊन वर या.