प्रकाशसंश्लेषणात सूर्यप्रकाशाचे रूपांतर रासायनिक ऊर्जेत नेमके कसे होते?

पानांच्या हरितलवकांतील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते. त्या ऊर्जेने उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि त्यांची रिकामी जागा पाण्याच्या विघटनातून मिळणारे इलेक्ट्रॉन भरून काढतात. बाहेर पडणारा ऑक्सिजन या पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे (१९४१ मध्ये रूबेन व कामेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा जड प्रकार वापरून हे दाखवले). इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात थायलाकॉइडच्या (हरितलवकातील चपट्या पटल-पिशव्यांच्या) आत प्रोटॉन साठतात आणि बाहेर पडताना, धरणाच्या पाण्याने टर्बाइन फिरावे तसे, एका विकराचा (एन्झाइमचा) भाग फिरवून एटीपी हा ऊर्जा वाहून नेणारा रेणू घडवतात. प्रवासाच्या शेवटी हे इलेक्ट्रॉन घेऊन बनणारा एनएडीपीएच हा दुसरा ऊर्जावाहक. हे दोन्ही खर्ची घालून केल्व्हिन चक्र या अभिक्रियांच्या साखळीत कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते. या टप्प्याला ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणत असले, तरी तो बहुतेक वनस्पतींत दिवसाच चालतो.