रक्त बघायचं ते आईच्या बाजूनं

उन्हाळा सरत आला, कुळागरांत (पोफळीच्या बागांत) रानडुकरांचा त्रास सुरू झाला, की शिकारी जातीच्या कुत्र्यांबद्दल पत्रं वाढतात. या वेळी तर इतकी आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून हा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर आहे. रानडुकरं केळी आणि सुरण उकरून टाकतात. मोठ्या जनावराला भिडतील अशी कारवान जातीची जोडी घ्यायची आहे. कोणत्या लाइनची, म्हणजे वंशाची, घ्यावी?

तुमचं नुकसान खरं आहे. सकाळी उठून नांगरल्यासारखी उकरलेली जमीन बघणं काय असतं ते मी सत्तरी तालुक्यात अनेक घरी पाहिलं आहे. तरीही या कामासाठी कुत्रा घेऊ नका, असंच मी सांगेन, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. जनावर हाकणं, फासे लावणं, कुत्रे सोडून पाठलाग करणं, एवढंच काय, तसा नुसता प्रयत्नही शिकारीतच मोडतो. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात, पण तो अधिकार त्यांचा, आपला नव्हे. म्हणून आधी वनखात्याकडे आणि कृषी कार्यालयात फोटोंसह अर्ज द्या आणि अर्जाची पोच घेऊन ठेवा.

दुसरं कारण कुत्र्याच्या बाजूचं. कारवान हा नजरेनं धावणारा कुत्रा. विजापूर, सोलापूर, जत या भागातल्या उघड्या माळरानावर तो घडला. दूरवर काही हललं की बाणासारखा सुटायचं, ही त्याची वृत्ती. तुमच्या कुळागरात पोफळी दाट, मध्ये पाण्याचे पाट, कडेला चिऱ्यांचे बांध. अशा जागी तो वेग त्याच्याच जिवावर उठतो. आणि डुकराला अडवणं हे जिथं अशी शिकार कायदेशीर आहे तिथंसुद्धा या जातीचं काम मानत नाहीत. तिथं वासावर माग काढणारे कुत्रे वेगळे, डुकराला घेरून लांबून भुंकत ठेवणारे वेगळे आणि जाऊन धरणारे जड बांध्याचे वेगळे असतात.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमाराला एक कारवान नर माझ्याकडे आणला होता. कुंपणाची तार लागली असं मालक म्हणाले. बरगडीवरची जखम बाहेरून चार बोटांची दिसत होती, पण आत बोट घातलं तर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये खिसा तयार झालेला. त्यात माती आणि सुपारीचा कुजका पाला. डुकराचा सुळा आत जाऊन वर उचलला की असंच होतं. दोन तास मी नुसतं सलाइननं धूत होतो. तिसऱ्या दिवशी तो गेला. पुढं वर्षभरानं मालकांनी खरं काय झालं ते सांगितलं.

तुमच्या कामाला कुंपणाच्या आत राहून रात्री भुंकणारे दोन दणकट गावठी कुत्रे पुरे. त्यांना रेबीजची लस द्या आणि नसबंदी करून घ्या. जोडीला चांगल्या प्रतीचं सौर कुंपण लावा आणि त्याच्या तारांखालचं गवत दर पंधरवड्याला कापा. तार गवताला टेकली की झटका जमिनीत उतरतो. डुक्कर मग खुशाल आत येतं आणि माणसं म्हणतात, सौर कुंपण चालत नाही.

प्रश्न : मी पेडण्याचा, तारवटी (बोटीवर नोकरीला). अर्जेंटिनात डोगो आणि अमेरिकेत प्लॉट जातीचे शिकारी कुत्रे पाहिले. ही रक्तं कशी तयार झाली? एखादा इथं आणता येईल का?

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण या दोन जाती म्हणजे पैदाशीच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत.

प्लॉट ही एका घराण्याची कहाणी. 1750 मध्ये योहानेस प्लॉट नावाचा तरुण जर्मनीतून नॉर्थ कॅरोलायनात आला आणि येताना डुकराच्या शिकारीचे कुत्रे घेऊन आला, असं त्या घराण्यात सांगतात. पुढच्या पिढ्यांनी डोंगराळ भागात अस्वलाच्या मागावर त्यांना राबवलं. कुत्रा रूपानं निवडला नाही, कामानं निवडला. अस्वलापुढं जो मागं सरला त्याचं वेत पुढं वाढवायचं नाही आणि जो आंधळेपणानं अंगावर गेला तो आपोआपच वाचत नसे. उरला तो मधला : धीट, पण अंतर राखणारा. बाहेरचं रक्तही त्यांनी मधूनमधून घातलं, मात्र बेतानं. 1989 मध्ये हा कुत्रा त्या राज्याचा अधिकृत कुत्रा झाला.

डोगो म्हणजे याच्या उलट, ठरवून केलेली रचना. कोर्दोबा शहरात डॉ. आंतोनियो नोरेस मार्तिनेस यांनी 1920 च्या दशकात तिथल्या झुंजीच्या कुत्र्यांचा पाया घेतला. त्यात वासासाठी पॉइंटर, उंचीसाठी ग्रेट डेन, अशा निरनिराळ्या जाती घातल्या आणि झुंजीतला आपसांत भांडायचा स्वभाव काढून टाकायचा प्रयत्न केला, कारण डुकरामागं टोळीनं जायचं तर कुत्र्यांनी एकमेकांना फाडून चालत नाही. पांढरा रंग पक्का केला तो रानात ओळखू यावा म्हणून. पण त्या रंगाबरोबर काही पिल्लांत जन्मजात बहिरेपण आलं, म्हणून चांगले पैदासकार आजही पिल्लांच्या कानांची तपासणी केल्याशिवाय ती विकत नाहीत. आपल्याकडच्या पांढऱ्या राजापलायम जातीच्या कुत्र्यांतही हेच दिसतं. पांढरं पिल्लू घेताना त्याच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवा. समोरून वाजवलीत तर ते तुमचे हात बघूनच वळेल.

आणता येईल का? पैदाशीसाठीच्या व्यापारी आयातीवर केंद्रानं 2016 मध्ये बंदी घातली. 2024 मध्ये केंद्रानं काढलेल्या आक्रमक जातींच्या यादीत डोगोचं नाव होतं. ते परिपत्रक न्यायालयात टिकलं नाही, पण गोवा विधानसभेनंही 2025 मध्ये अशा जातींच्या पैदाशीवर बंधनं घालणारं विधेयक मंजूर केलं आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी डोगोला रोज जे काम आणि जी शिस्त लागते ती सहा-सात महिने बोटीवर असणाऱ्या माणसाच्या घरी कोण देणार? आई-वडिलांच्या गळ्यात ते टाकू नका.

प्रश्न : डिचोलीत मी कारवान पाळतो. माझ्याकडचा नर नावाजलेल्या लाइनचा आहे, कागदपत्रं आहेत. त्याचीच मुलगी आता दोन वर्षांची झाली. तिला त्याच्यावरच घातली तर रक्त शुद्ध राहील, असं एका जाणकारानं सांगितलं. करू का?

नको. हा सल्ला इतक्या ठिकाणी ऐकला आहे की आज जरा सविस्तर लिहितो.

बाप आणि मुलगी, किंवा सख्खी भावंडं, यांच्या पिल्लांत आंतरप्रजननाचा गुणांक 25 टक्के येतो. म्हणजे त्याच्या जनुकांच्या दर चार जोड्यांपैकी सरासरी एका जोडीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सावत्र भावंडांत तो 12.5, चुलत किंवा मामे-आते भावंडांत 6.25. सख्ख्या भावंडांचं हेच दुसऱ्या पिढीत पुन्हा केलंत तर 37.5. हे आकडे मूळ आई-बाप एकमेकांचे नातलग नसतील तरच लागू. कारवानमध्ये तेही गृहीत धरता येत नाही, कारण एखादा नर प्रदर्शनात जिंकला की आसपासच्या सगळ्या माद्या त्याच्याकडे जातात, आणि पाचव्या पिढीत कागदावर लांबची दिसणारी जोडी खरं तर त्याच एका नराची नातवंडं-पतवंडं निघतात.

जाणकार ‘लाइन’ म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. जवळच्या रक्तात गुण पक्के होतात. पण दोषही त्याच मापानं पक्के होतात, आणि दोष आधी दिसत नाहीत. प्रथम वेत लहान होतं. मग पिल्लं अशक्त निघतात, नराचा एक अंड खाली उतरत नाही, मादी नीट माजावर येत नाही. धाव शेवटपर्यंत चांगली दिसते, म्हणून माणूस फसतो.

मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी एका देखण्या नराच्या मोहात पडून सावत्र भावंडांची जोडी लावली होती. चार पिल्लं झाली, दोन मेलेली जन्मली, एका नराचा एकच अंड उतरला. उरलेली मादी दिसायला अप्रतिम होती. ती माजावर यायची, पण गाभण राहिली नाही. ती लाइन तिथंच संपली, आणि तिच्याबरोबर तिच्या आजीचं रक्तही, जी माझ्या पाहण्यातली सर्वांत स्थिर मादी होती.

मग काय करायचं? तुमच्या नराच्या मुलीसाठी जत किंवा मुधोळ भागातला नर शोधा, ज्याच्या तीन पिढ्यांत तुमच्या नराचं नाव नाही. त्यानं प्रदर्शनात जिंकलेला कप बघू नका, त्याची भावंडं बघा. एका वेतात सात पिल्लं झाली असतील तर ती सातही कुठं आहेत, जिवंत आहेत का, कुणी माणसाला चावलं का, कुणाला फिट येतात का, हे विचारा. सातपैकी एकच चांगला असेल तर तो योगायोग. सातपैकी पाच बरे असतील तर ते रक्त. आणि त्या नराची आई हयात असेल तर तिला तिच्या दारात जाऊन बघा. जनुकं दोघांची सारखीच येतात, पण पहिले आठ आठवडे पिल्लू तिच्या कुशीत असतं, तिची भीती आणि तिचा धीर दोन्ही उचलतं. मी अशा घरी गेलो की बोलता बोलता स्टीलची वाटी फरशीवर पाडतो. दचकली, पाहिलं, पुन्हा येऊन बसली, तर मला हवी ती मादी हीच. कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिली तर चहा घ्यायचा आणि निघायचं.

काम कसं पारखायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सशावर सोडायचं नाही, तोही गुन्हाच आहे. दोरीला चिंधी बांधून ती यंत्रानं ओढायची आणि मोकळ्या मैदानात कुत्र्याला तिच्यामागं सोडायचं. तीनशे मीटर धावून आल्यावर धाप किती मिनिटांत बसते ते घड्याळ लावून लिहा. पंजाच्या गाद्या फाटतात का ते बघा. चिंधी पळत असतानाच हाक मारा, तो वळतो का? शेवटी त्याला शेळ्यांच्या कळपाशेजारून साखळीनं चालवत न्या. जो शेळीकडे बघून नजर काढून घेतो, त्याच्याकडून मी पुढचं वेत घेईन.

प्रश्न : कारवान, मुधोळ आणि पश्मी एकच की वेगळे? (फोंडा)

मूळ एकच. आखूड केसांचा तो कारवानी. कान-शेपटीला झालर असेल तर पश्मी. मुधोळ हे नाव त्या संस्थानामुळं रूढ झालं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी हे कुत्रे जोपासले आणि एक जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. 2005 मध्ये टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. नावावरून भाव दुप्पट सांगणाऱ्याला मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका.

प्रश्न : काणकोणहून. माझी कारवान मादी 14 महिन्यांची आहे, दुसऱ्यांदा माजावर आली आहे. मे महिना चालू असताना मेटिंग करावं का?

करू नका, दोन्ही कारणांनी. कुत्र्यांच्या पैदाशीचे 2017 चे नियम 18 महिन्यांखालच्या मादीला लावायला मनाई करतात, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नकोत म्हणतात, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकू देत नाहीत. विक्री करणार असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते.

दुसरं कारण आपल्या पावसाचं. गर्भ साधारण 63 दिवसांचा. मेमध्ये लावलीत तर ती जुलैत व्यायेल, ऐन ओल्या हवेत. पिल्लांना पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कोंदट खोलीत त्यांच्या पोटावर पुरळ येतो, अंथरूण वाळत नाही. तिच्या पुढच्या दोन-तीन माजांची तारीख वहीत लिहून ठेवा आणि असा माज धरा की बाळंतपण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येईल. त्या वेळी दिवस मोजून अंदाज बांधू नका. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (माजाची नेमकी वेळ दाखवणारं संप्रेरक) दोन दिवसांआड तपासून घ्या. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या जंतूची) चाचणी करा. नराचा मालक तयार नसेल तर नर बदला. गोचीडतापाचीही रक्ततपासणी करा. आपल्याकडे तो इतका आहे की वरून ठणठणीत दिसणाऱ्या मादीतही सापडतो, आणि त्यात प्लेटलेट्स उतरलेल्या असल्या तर व्याताना रक्तस्राव आवरत नाही.

खाण्याचं : नुसती पेज आणि न्युस्त्याचं (मासळीचं) पाणी यावर गाभण मादी उभी राहत नाही. पेजेत रोज अंडी, काटे काढलेला बांगडा किंवा चिकन हवं, आणि शेवटचे तीन आठवडे खाणं थोडं थोडं करून दिवसातून चारदा द्या.

आणि सिझेरियनची वेळ आलीच तर डॉक्टरांना ही कारवान आहे हे आधी सांगा. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, नजरेनं धावणाऱ्या कुत्र्यांत थायोपेंटलसारख्या भुलीचा अंमल उतरायला फार वेळ लागतो. त्यांनी दुसरं औषध निवडायला हवं, आणि ते टेबलावर घेण्याआधी ठरलेलं असायला हवं. व्यायच्या आठवड्यात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथवर गाडीनं किती वेळ लागतो, हे आत्ताच एकदा जाऊन बघून या.