मतदान टाकता येत नाही, छंद पाठवता येतो

नागपूरच्या बर्डीवरून एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: निवडणुकीत ब्लॉकचेन आली तर मोबाइलवरून ‘मतदान टाकणे’ म्हणायचं का? आणि ब्लॉकचेनला ‘ठोकळासाखळी’ चालेल का?

पहिल्या शब्दाने माझं डोकंच उठतं. १९ एप्रिल २०२४, लोकसभेचा दिवस, केंद्राबाहेर शाईचं बोट नाचवत शेजारी म्हणतात, “मतदान टाकून आलो ना भाऊ, तुम्ही जाऊन राहिले का?” अहो, टाकतात ते मत! मतदान करतात.

‘ठोकळासाखळी’ नकोच. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकदम ठेवलेली नोंदवही; तिथला ब्लॉक म्हणजे वहीचं पान. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा, त्यामुळे मधलं पान गुपचूप बदललं की पुढचे ठसे जुळेनासे होतात. इतवारीतल्या मुनीमजींना ‘मागील पानावरून’ म्हटलं की निम्मं कळेल. ब्लॉकचेनच म्हणा.

खरी गंमत ‘दाना’त आहे. ‘मतदान हेच श्रेष्ठ दान’ असले फलक रंगवणाऱ्यांना हा दानधर्म वाटतो. छे! हा साधा दा धातू, देणे. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा पाली ग्रंथ विनय, त्यातल्या महावग्गात आजारी भिक्खूला भिक्खूसंघाच्या कामाला येता आलं नाही, तर तो दुसऱ्याबरोबर संमती पाठवतो: ‘छंदं दम्मि, छंदं मे हर, छंदं मे आरोचेहि’. छंद देतो, माझा छंद ने, माझा छंद सांग. नेणारा तो छंदहारक. म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवण्याला आपण जो छंद म्हणतो, तो एकेकाळी अंथरुणातून पाठवलेला कौल होता!

यावर आमचे एक पंडितमित्र दरवेळी वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क काढतात: ‘छन्दांसि छादनात्’, झाकतो तो छंद, म्हणून गुप्त मतदान. महाराज, यास्क वृत्तांबद्दल बोलतोय. आपला छंद इच्छेचा, ‘स्वच्छंद’मधला. शिवाय तो झाकलेला नसेच, हारकाला संघात सांगावाच लागे. संघाची गुप्त मतदानाची रीत वेगळी होती: रंगीत शलाका, म्हणजे काड्या, एकेकाला बाजूला घेऊन द्यायच्या, ‘कुणाला दाखवू नकोस’ असं बजावून. तिचं नाव गूळ्हक. त्या शलाकेची आपली सळई. संघाला मतमोजणी आणि मतपत्रिकेने मतदान ठाऊक होतं, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत सांगितलं होतं. दीक्षाभूमीच्या गावात तरी हे मला सांगावं लागू नये.

विनयाचा नियम बघा: हारक वाटेतूनच निघून गेला, तर छंद पोचला नाही. संघात पोचून त्याला झोप लागली आणि सांगायचं राहिलं, तरी पोचला. ब्लॉकचेनवाले पोचल्यानंतरचंच बोलतात. २०१८ला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाने परदेशातल्या मतदारांसाठी ब्लॉकचेनवर चालणारं मतदानाचं अॅप वापरलं. २०२०ला तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फोन ताब्यात आला तर मत वहीत चढण्याआधीच बदलता येतं. वही शाबूत, हारक फितूर.

हां, ‘टाकणे’ विचारलं होतं. मोबाइलवरून मत द्या. दम्मि.