चड्डी गेली, लग्न गेलं, मग उरलं काय?

प्रश्न : दादा नमस्कार, मी कुडाळचा, वय 42, लहानपणापासून सुपरमॅनचा फॅन. 2011 ला त्याचा सगळा ड्रेस बदलला, लाल चड्डी काढून टाकली, गोष्ट पहिल्यापासून सुरू केली आणि लोइसशी, म्हणजे त्याच्या बातमीदार मैत्रिणीशी, झालेलं लग्नच झालं नाही असं करून टाकलं, तेव्हा मी वाचायचं सोडलं ते सोडलंच. गेल्या वर्षी जुलैत मुलाला घेऊन गोव्याला नवीन पिक्चर बघायला गेलो तर चड्डी परत आलेली! मला भरून आलं आणि पोरगा विचारतो बाबा याने चड्डी बाहेरून का घातलीय. मला नीट उत्तर देता आलं नाही. एवढं मनाला लावून घेण्यासारखं आहे का हे? बायको म्हणते कपड्यांचं काय घेऊन बसलात. आणि आता परत वाचायला घेऊ का?

उत्तर : मनाला लावून घेण्यासारखं आहेच, वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि हे पान वाचायला द्या.

आधी पोराचा प्रश्न, कारण तो सगळ्यात चांगला आहे. सुपरमॅन 1938 साली अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आला, जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुण पोरांनी तो केला. त्या काळात ताकदवान माणूस लोकांनी कुठे बघितला होता, तर सर्कशीत आणि कुस्तीच्या रिंगणात, आणि तिथले पैलवान अंगाला घट्ट कपडे आणि त्यावर चड्डी असाच वेश करायचे. म्हणजे ती चड्डी बघितली की तेव्हाच्या पोराला न सांगता कळायचं की हा ताकदीचा गडी आहे. दुसरं कारण छपाईचं. स्वस्तातला कागद, चार शाई, ठिपक्याठिपक्यांनी भरलेला रंग, त्यात गळ्यापासून पायापर्यंत सगळं निळं असेल तर माणूस निळा डाग दिसतो, मधे लाल आला की कंबर कळते, पाय कुठे वळलाय ते कळतं, उडी कळते. (हो उडीच, सुरुवातीला तो उडत नव्हता, एक अष्टमांश मैल लांब उडी मारायचा.)

आता माझं सांगतो. मी चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला फॅन्सी ड्रेस होता. मामा मुंबईला, दर गणपतीला यायचा तेव्हा फुटपाथवरून घेतलेली जुनी कॉमिक्स घेऊन यायचा, त्यातला एक सुपरमॅनचा अंक आईसमोर ठेवला आणि म्हटलं मला हे व्हायचंय. आईने बाजारातून रंगाची पुडी आणून बाबांची लांब हाताची बनियन आणि एक जुना पायजमा बादलीत निळा केला, फाटलेल्या लाल परकराची चड्डी आणि पाठीवरचं फडकं शिवलं, छातीवरचा तो त्रिकोण पिवळ्या सॅटिनचा. रंग पक्का नव्हता, घामाने माझ्या कमरेवर निळा पट्टा उमटला तो आठवडाभर गेला नाही. वाडीतून शाळेत जाताना पोरं हसायला लागली, चड्डी बाहेर चड्डी बाहेर, आणि मी रडवेला होऊन थांबलो तिथे एका घराच्या खळ्यात आमच्या वाडीतले एक काका बसलेले. ते दशावतारी मंडळात संकासुराचं काम करायचे. त्यांनी मला जवळ बोलावलं, गोल फिरवून सगळं बघितलं, पाठीवरचं फडकं नीट केलं आणि म्हणाले, "बरा केलंस चड्डी भायर घातलंस ता. मागे बसलेल्याक कळाक व्हया कोण इलो तो."

मला अजून कुणी याच्यापेक्षा बरं उत्तर दिलेलं नाही. तुम्ही कुडाळचे, जत्रेतल्या रात्री तुम्हाला मी काय सांगायच्या. दशावतारात लिहिलेली संवादाची वही नसते, आख्यान ठरतं आणि मग नट उभे राहून आपल्या मनाने बोलतात, कालचं भाषण आज नसतं, म्हणजे रोज रात्री गोष्ट नव्याने सुरू होतेच. पण गणपती गणपतीसारखाच येतो, सरस्वती मोरावरच येते, संकासुर काळ्या वेशात तोंडावर काळं फडकं आणि लाल जीभ घेऊनच येतो. पोरं त्याला आधी घाबरतात आणि तो मालवणीत बोलायला लागला की त्यालाच हसतात, पण तो कोण हे सगळ्यात मागे पेंगणाऱ्या आजीलासुद्धा कळलेलं असतं. आणि नाती बदलत नाहीत. मंदोदरी रावणाचीच. बोलणं मोकळं, पेहराव आणि नाती पक्की. म्हणूनच रोज नवीन करूनही ते आपलं वाटतं.

2011 ला नेमकं याच्या उलट झालं, आणि माझा राग तिथे आहे. विक्री घसरत होती, नवीन वाचक येत नव्हते, जुन्या गोष्टींचा गुंता एवढा झालेला की नवख्याला कुठून धरावं कळेना, हे सगळं खरं होतं. म्हणून डीसीने, म्हणजे सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने, एका झटक्यात 52 मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली. अॅक्शन कॉमिक्स 904 व्या अंकावर होतं, ते परत 1. पेहरावाची नवीन रचना चित्रकार जिम लीची, उंच कॉलर, अंगावर चिलखतासारख्या रेषा, चड्डी नाही. अॅक्शन कॉमिक्समधे ग्रँट मॉरिसनने लिहिलेला तरुण सुपरमॅन तर टीशर्ट, जीन्स आणि कामगाराचे बूट घालून फिरायचा, आणि खरं सांगू तो मला आवडला, कारण 1938 चा सुपरमॅनसुद्धा असाच गरिबांना नाडणाऱ्यांवर चिडणारा पोरगा होता. टीशर्टमधे माणूस दिसत होता, चिलखतात दिसेना. ज्याच्या कातडीवर गोळी आपटून खाली पडते त्याला चिलखत कशाला हो? हे एवढं कुणीच कसं विचारलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि लग्न. 1996 ला क्लार्क (सुपरमॅनचं रोजच्या जगण्यातलं नाव) आणि लोइसचं लग्न झालं, जवळजवळ साठ वर्षं लोक ज्याची वाट बघत होते ते. पंधरा वर्षांनी सांगितलं ते झालंच नव्हतं. त्याला वाढवणारे केंट आईबाप 1986 च्या नव्या सुरुवातीत लेखक-चित्रकार जॉन बर्नने जिवंत ठेवले होते, क्लार्क दमला की घरी जायचा, स्वयंपाकघरात बसून आईशी बोलायचा, ते दोघंही 2011 च्या नव्या गोष्टीत मेलेले. मग घरी जायचं कुणाकडे? मला चड्डीपेक्षा हे जास्त लागलं. कपडे परत शिवता येतात, पण ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं ते माणूसच काढून घेतलं तर तो नुसता उडणारा बलदंड बाप्या उरतो. तुम्हाला चड्डीचं वाईट वाटलं असं तुम्हाला वाटतंय, पण पत्रात तुम्ही लग्नाचं पण लिहिलंय बघा, तुमचंही दुखणं तेच आहे.

चांगली बातमी अशी की हे त्यांनाही कळलं. 2015 मधे जुना, लग्न झालेला सुपरमॅन लोइस आणि मुलासकट परत आणला, 2016 ला तोच मुख्य झाला, अॅक्शन कॉमिक्सचे आकडे परत जुन्या हिशोबाने 957 पासून पुढे चालू झाले, आणि एप्रिल 2018 ला हजारावा अंक आला त्यात चड्डी परत. तेव्हा परत वाचायचं तर 2016 पासून घ्या. क्लार्क तिथे बाप आहे, पोरगा जॉन शक्ती अंगात यायला लागल्यामुळे घाबरलेला, आणि बापाला त्याला शिकवायचंय की हात कसा हळू लावायचा. तुमच्या घरात पोरगा आहे, तुम्हाला ते वाचताना काय होईल ते मी सांगत नाही.

पिक्चरबद्दल एक सांगायचं राहिलं. दिग्दर्शक जेम्स गन चड्डी ठेवावी की नाही यावर अडला होता, त्याला डेव्हिड कोरेन्सवेटने, म्हणजे जो सुपरमॅन झालाय त्याने पटवलं. त्याचं म्हणणं असं की हा परग्रहावरचा माणूस, डोळ्यातून किरण सोडतो, इमारती उचलतो, आणि लहान मुलांनी आपल्याला घाबरू नये अशी त्याची इच्छा आहे, मग तो काय घालेल, तर असलंच रंगीत, पैलवानासारखं काहीतरी. मी हे वाचलं आणि मला आमच्या वाडीतले काका आठवले. पोराला हेच सांगा, तू घाबरू नयेस म्हणून घातलीय.

प्रश्न : दादा, मी रत्नागिरीत बीए करतेय. सुपरमॅनच्याच कंपनीच्या वंडर वुमनला 2010 मधे पँट दिली होती ना, ती परत काढली. सुपरमॅनची चड्डी काढायची आणि हिला परत चड्डीवर आणायचं हा काय न्याय आहे? तुम्ही पेहराव बदलू नये म्हणता ते हिच्या बाबतीत पण का?

उत्तर : तुझा राग बरोबर आहे आणि प्रश्न अवघड आहे. 2010 ला तिच्या 600 व्या अंकात काळी पँट आणि वर जॅकेट आलं, पुढच्या वर्षी 52 मासिकांच्या वेळी आधी दाखवलेल्या चित्रांमधे पण पँट होती आणि छापून येईपर्यंत ती गायब झाली. म्हणजे ठरवताना कुणालाच खात्री नव्हती, नुसती बाहेर ओरड झाली की माघार.

माझं मत सांगतो. 1941 ला ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगावर चांदण्यांचा निळा घेरदार स्कर्ट होता, तो नंतर आखूड होत होत गेला. तेव्हा जुनं ते खरं असं म्हणून जर कुणी तुझ्याशी वाद घालत असेल तर त्याला हा स्कर्ट दाखव. तिची ओळख मुकुट, मनगटावरचे कडे, दोर आणि छातीवरच्या पक्ष्यात आहे, पाय किती दिसतात त्यात नाही. ते चार ठेवून तिला पँट द्या, स्कर्ट द्या, लढताना तिला जे सोयीचं ते द्या. माझ्या मते 2010 ची पँट चुकीची नव्हती, ते जॅकेट चुकीचं होतं. ते घालून ती कुठल्याही शहरातली मुलगी दिसत होती, आणि ती राजकन्या आहे गं, बेटावरून आलेली, समुद्र ओलांडून. तू रत्नागिरीची, तुला समुद्राजवळची माणसं कशी चालतात ते माहीत आहे. चित्र काढतेस का? काढत असशील तर तुझी वंडर वुमन काढून पाठव, मला खरंच बघायची आहे.

प्रश्न : काका मी देवगडला आठवीत आहे. बाबांची जुनी कॉमिक्स माळ्यावर सापडली, काहींना बुरशी आलीय आणि पानं पिवळी झाली. फेकून देऊ नको ना? कशी ठेवू?

उत्तर : अजिबात फेकू नको! पिवळी झाली ती कागदाच्या जातीमुळे, तो स्वस्त लगद्याचा कागद हवेने आणि उजेडाने पिवळा पडतोच, त्याला काही करता येत नाही आणि करायची गरजही नाही. बुरशीचं मात्र लगेच बघायला हवं, कारण ती एका अंकावरून दुसऱ्यावर जाते. आधी बुरशीवाले अंक वेगळे काढ. कोरड्या दिवशी, बाहेर पडवीत, नाकाला रुमाल बांधून मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झटक, ओलं फडकं लावायचं नाही. कडक उन्हात ठेवू नको, रंग उडतो, सावलीत वारा लागेल अशी उभी उघडून ठेव. स्टेपलच्या पिनांना गंज चढलेला असेल तर बाबांना सांगून हळूच काढायच्या आणि तिथे दोऱ्याचा टाका घालायचा.

नंतर माळ्यावर परत नाही. आपल्याकडे कौलातून दमट हवा येते आणि उंदीर पण तिथेच. घट्ट झाकणाचा डबा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या, त्या डबा भरताना बदलाव्या लागतात. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नको. डबा भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीवर नाही, फळीवर. जूनच्या आधी भरायचा आणि गणपती होऊन पाऊस ओसरला की उघडायचा, मधे कितीही वाटलं तरी नाही. एखादा अंक वाचायला हवा असेल तर तो डबा बंद करायच्या आधीच बाहेर काढून ठेव.