संकटाच्या वेळी एआयला न विचारता माणसांकडे मदत मागावी, हे मुलांना कसे शिकवावे?
मुलांना आधी कारण सांगावे: चॅटबॉट उत्तर लिहून देईल, परंतु तो दार ठोठावायला येत नाही, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर पलीकडे माणूस असतो आणि तो विचारपूस करून मदत पाठवतो. गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. अर्थात, क्रमांकांचे नुसते पाठांतर पुरेसे नाही. आपल्याकडे पत्ता खुणेनेच कळतो, म्हणून गाव, वाडा आणि जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस) सांगण्याचा सराव, फोन न लावता, घरीच करून घ्यावा. कुलूपबंद फोनवरूनही ११२ लावता येतो, हेही दाखवावे. फोन नसल्यास शेजाऱ्यांना हाक मारावी, आणि समुद्रात कोणी बुडताना दिसल्यास स्वतः पाण्यात न शिरता जीवरक्षकाकडे धावावे.