वाचक विचारतात : आजाऱ्याला घरी कम्युनियन

प्रश्न : रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मी आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद, नेऊन देतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना शुगर आहे, उपाशी ठेवता येत नाही. गिळायलाही त्रास होतो. काय करावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कम्युनियनआधीच्या एका तासाच्या उपवासातून आजारी, वृद्ध आणि त्यांचं करणारे, सगळेच मोकळे आहेत (कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 919). म्हणजे आईचं करणारी तुमची पत्नीसुद्धा. सासूबाईंना भाकरी, गोळी वेळेवरच द्या.

ख्रिस्तप्रसादाचा डाळीएवढा तुकडा पुरे. त्यातही ख्रिस्त पूर्ण असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं आणि तुकडा टाळूला चिकटतो, म्हणून आधी चमचाभर पाणी, मग तुकडा, पुन्हा पाणी. पाठीला उशा लावून बसवा. आडव्याला दिलं की ठसका लागलाच. अजिबात गिळवत नसेल, तर द्राक्षरसाच्या (मिस्सेतल्या पवित्र वाईनच्या) रूपात थेंबभर देता येतो. ती सोय फादरांकडूनच करून घ्या.

ख्रिस्तप्रसाद नेण्याच्या डबीतले कण पाण्यात विसळून ते पाणी स्वतः प्या, मोरीत ओतू नका. आणि चर्चमधून थेट घरी. वाटेत मंडई नको!

रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) मात्र तुम्हाला देता येत नाही. त्यासाठी फादरांना सासूबाई शुद्धीत असतानाच बोलवा, शेवटच्या घटकेला नव्हे.